टाकीत राहिलेली हवा

मूर्तिजापूरच्या पुढे, उकळत्या मोटारीशेजारी उभं राहून मनूआत्याने मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं होतं. हे मी आईला सांगितलं नाही, दादांना सांगितलं नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही सांगितलं नाही. बायकोला वाटतं की मी मुळातच अबोल आहे. तसं नव्हतं. पण एक गोष्ट गिळली की तिच्या आसपासच्या पुष्कळ गोष्टी गिळाव्या लागतात आणि मग माणूस होतोच अबोल. आज अकोल्याच्या माझ्या गॅरेजात पोरं काम करतात. कुणी रेडिएटर भरून घाईघाईने टोपण लावायला लागला की मी ओरडतो, तोंडाला येईल ते बोलतो. पोरं आपसात म्हणतात, मालक बाकी सगळं चालवून घेतात, हवेच्या बाबतीत तेवढे चक्रम आहेत. त्यांचं बरोबर आहे. कारण त्यांना माहीत नाही, ते आता लिहून टाकतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि वरच्या कोर्टाची कामं निघाली की दादांना नागपूरला जावं लागे. दादा म्हणजे माझे वडील, अमरावतीला वकील. त्यांचे थोरले बंधू नाना घरचं पंचांग सांभाळत. नुसतं घरचं नाही, अर्ध्या आळीचं. कुणाच्या मुलाची मुंज असो की कुणाच्या म्हशीची खरेदी, नानांनी बोटांची पेरं मोजल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. नाना विनोदी होते, खाण्याचे शौकीन होते आणि मनूआत्यावर त्यांचा फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात ते दुष्ट वाटतील आणि ते दुष्ट नव्हते. मनूआत्या त्या दोघांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि कपाळ पुसून परत आली, तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो. त्यानंतर ती घरातच होती. पहाटे जात्याची घरघर, मग ताक घुसळण्याचा आवाज, मग गोठ्यात गाईशी चाललेलं तिचं बोलणं, या आवाजांनी माझी सकाळ व्हायची. तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीला लसूण नसायचा, कारण तिला तो चालत नसे, पण तशी चटणी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. सणावारी बायका हळदीकुंकवाला आल्या की ती आपण होऊन माजघराच्या मागे जायची. तिला कुणी जा म्हणत नसे. कुणी थांब असंही म्हणत नसे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी इंटरला नापास होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणायचं, पण बूड कुठे टेकत नव्हतं. ओट्यावर जाऊन उभा राही, परत येई, पुस्तक उघडी, मिटी, पाण्याच्या माठापर्यंत तहान नसताना जाई. उन्हाळ्यात कापसाची जिनं बंद पडलेली, त्यांचे भोंगे नाहीत, सरकीच्या गाड्या नाहीत, गाव कसं भाजून पडलेलं. आई म्हणे, "काय पिंजऱ्यातल्या वाघासारखा फेऱ्या मारून राहिला रे?" नाना म्हणत, "वाघ नाही, उंदीर आहे तो. वाघ पास होतो." अशा दिवसांत आमच्याकडे मोटार आली. एका जिनवाल्या अशिलाने ती चिखलदऱ्याच्या घाटात उकळवून उकळवून कंटाळून शेवटी दादांच्या गळ्यात बांधली. दादांना ती चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. ती चालवायला मी शिकलो, ती धुवायला मी शिकलो, तिच्या पोटात हात घालायलाही मीच शिकलो. ती दारात आली नसती तर मी बहुतेक घर सोडून पळालो असतो.

गाडी पोचवायला जिनातला एक फिटर आला होता. त्याने जाताना सांगितलं, की रेडिएटरची टाकी काठोकाठ दिसली म्हणजे ती भरली असं समजू नका. पाणी ओतताना आतल्या वाकणांत हवा दडून बसते. जिथे हवा तिथे पाणी पोचत नाही, आणि जिथे पाणी नाही तिथलं लोखंड तापत राहतं. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि दहा-वीस मैल गेल्यावर गाडी उकळते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली, की गाडीचं तोंड चढावर करायचं, इंजिनाच्या माथ्यावरची करंगळीएवढी पितळी तोटी उघडायची आणि बारीक धारेने पाणी सोडायचं. गोठ्यापुढे गुरांसाठी केलेला दगडी चढ होता, त्यावर पुढची चाकं चढवली की काम भागे. पण हे काम एकट्याचं नव्हतं. एकाने धार धरायची आणि एकाने तोटीशी कान लावायचा. धार मनूआत्या धरायची. तिचा हात अभिषेकाला सरावलेला, धार तुटत नसे, जाड होत नसे. तोटीतून आधी फुस्स असा कोरडा आवाज येई, मग ती थुंकायला लागे, फुर्र, फुर्र, थोडं पाणी, थोडी हवा, आणि मग अचानक सगळं शांत होऊन पाण्याची सरळ धार लागे. मग तोटी बंद. इंजिन चालू करून जरा गरम होऊ द्यायचं आणि पुन्हा तोटी उघडायची, कारण पहिल्या खेपेला न निघालेली हवा आता निघते. आत्याला त्या आवाजांची इतकी सवय झाली की ती न बघता सांगे, "थांब, अजून आहे आत." एकदा म्हणाली, "लेकराला पाजलं की खांद्यावर टाकून थोपटतात ना, तसं आहे रे हे. ढेकर निघाल्याशिवाय निजवू नये." आणि तांब्या घेऊन झटकन आत गेली.

आत्याने घरीच अभ्यास करून व्हर्नाक्युलर फायनल दिली होती. दादांनी पुस्तकं आणून दिली होती आणि नानांनी परीक्षेचा मुहूर्त काढून दिला होता. आता अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली होती. शाळेच्या आवारातच राहायला एक खोली मिळणार होती. खोली, असं ती म्हणायची, तेव्हा तो शब्द जरा थांबून म्हणायची. तपासणी करणाऱ्या बाई सकाळी शाळेत येणार होत्या, उमेदवारांनी त्यांच्यापुढे एक नमुना पाठ द्यायचा होता आणि दुपारच्या मेलने बाई परत जाणार होत्या. आत्याने 'वऱ्हाडातल्या नद्या' हा पाठ निवडला. दादांचं एक जुनं धोतर फाडून त्यावर तिने नकाशा काढला. डोंगर काजळाचे, नद्या कपड्यांना घालायच्या निळीच्या. पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, आणि सगळ्यांना पोटात घेणारी पूर्णा. गोठ्यात गाईंपुढे उभी राहून ती पाठ म्हणायची. एकदा मी दाराआडून ऐकलं. गाईने मान हलवली, तर आत्या म्हणाली, "शाबास, बरोबर. आता खाली बस."

आगगाडीने गेलो असतो तर हे सगळं घडलंच नसतं. पण आगगाडीने आदल्या दिवशी जाऊन परक्या घरी मुक्काम करावा लागला असता आणि त्याला नाना तयार नव्हते. मोटारीने जाऊन संध्याकाळी घरी, हे त्यांना पटलं. अट एकच होती, मुहूर्त त्यांचा आणि सोबतीला ते स्वतः. "मी असलो म्हणजे ग्रह जरा शिस्तीत राहतात," असं म्हणाले. आदल्या दिवशी पाहिलं तर टाकीची रबरी नळी फुगून मऊ पडलेली. ती बदलायची म्हणजे सगळं पाणी सांडावं लागणार. नवी नळी हाताशी यायलाच उशीर झाला. ती बसवली, आणि पाणी सकाळी भरू म्हणून निजलो. गाडीचं तोंड चढावर करून ठेवलेलंच होतं.

सकाळी घरात नुसती धांदल. आईने दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या केल्या होत्या. दशमीला बाहेरचा विटाळ नाही, म्हणून आत्यालाही ती वाटेत चालणार होती. सोबत कैरीचं लोणचं, केळीच्या पानात बांधलेला दहीभात. आत्याने घरचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून घेतलं. आज गाडीला हात लावू नको, असं नानांनी तिला बजावलं होतं. निघायच्या वेळी ती कुणाला आधी दिसू नये म्हणून तिला गोठ्याच्या कडेला उभं केलं होतं, आणि समोरून भरली घागर घेऊन आईने यायचं ठरलं होतं. स्वतःच्याच कामाला निघालेल्या बाईला स्वतःच्याच वाटेतून बाजूला केलेलं मी पाहत होतो, पण त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं लक्ष तोटीकडे होतं. एका हाताने धार आणि दुसऱ्याने तोटी, असं जमत नव्हतं. तोटी नुकती थुंकायला लागली होती, फुर्र, फुर्र, आणि नाना घड्याळ घेऊन ओट्यावरून ओरडले, "वसंता, घटिका टळून राहिली! रथ हलव!"

"नाना, अजून आत हवा आहे."

"मग रस्त्यानं निघेल. आकाशात काय जागा कमी आहे?"

मी म्हटलं, मुहूर्तावर शेजारी प्रस्थान ठेवा ना. आमच्याकडे तशी रीत होती. मुहूर्ताला निघणं जमत नसलं तर सुपारी किंवा एखादं वस्त्र त्या घटकेला शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, की माणूस निघाला असं धरतात. मग तो सावकाश निघाला तरी चालतं. फक्त ठेवलेलं प्रस्थान माघारी आणायचं नसतं. नाना म्हणाले, "माणसाचं प्रस्थान सुपारीनं होते. रथाचं प्रस्थान रथानंच होते. काढ बाहेर!" मी तोटी बंद केली, टोपण लावलं, गाडी चढावरून मागे घेतली आणि फाटकाबाहेर नेऊन उभी केली. आई घागर घेऊन आडवी आली, नानांनी नारळ फोडला. मग मी म्हटलं, "आता जरा पुन्हा आत घेतो, चढावर. थोडंसंच काम राहिलं आहे." नानांचा चेहरा उतरला. "निघालेली गाडी माघारी? मनूच्या कामाला?" आत्या तेव्हा फाटकात आली होती, काखेत नकाशाची गुंडाळी. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं, की आज कशावरूनही कुणाचा वाद व्हायला नको. मी म्हणालो, "राहू द्या. झाल्यासारखंच आहे."

इथपर्यंत दोष मी नानांवर टाकू शकलो असतो, आणि मनातल्या मनात पुष्कळ वर्षं टाकलाही. पण बडनेऱ्याच्या अलीकडे रस्त्याला चांगला चढ होता. तिथे थांबून तोटी उघडायची, असं ठरवूनच मी निघालो होतो. तो चढ आला तेव्हा पुढे धूळ उडवत एक सर्व्हिस मोटार चालली होती, माणसांनी लगडलेली. तिला मागे टाकायची मला खुमखुमी आली. मी हॉर्न दाबला, गाडी बाजूने काढली आणि चढ ओलांडून पुढे गेलोसुद्धा. मागून हसण्याचा आवाज आला. आत्या हसत होती. डोक्यावरचा पदर दातात धरून, वाऱ्याला तोंड देऊन. "वसंता, याहून जोरात जाते का रे?" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नाना दोन्ही हातांनी दार धरून रामरक्षा म्हणत होते. मी गाडी आणखी जोरात सोडली. चढ आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी म्हटलं, पुढे बघू. नद्या आल्या की आत्या नाव सांगायची, "ही पेढी. ही उमा." वैशाखात सगळ्या कोरड्या ठणठणीत. नाना म्हणाले, "नुसती नावंच आहेत यांना. पाणी तुझ्या नकाशातच जास्त आहे." अजूनही मी त्या रस्त्याने जातो तेव्हा त्या तुकड्यावर माझा पाय आपोआप सैल पडतो.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि वास आला. तापलेलं लोखंड आणि भाजलेलं रबर यांचा मिळून एक वास असतो, तो एकदा नाकात बसला की सुटत नाही. टोपणावरच्या तापमापकाच्या काचेतला लाल पारा वर जाऊन चिकटला होता. मी गाडी बाजूला घेतली तर टोपणाखालून वाफेचा फवारा सुटला. समोरून बैलगाडी येत होती. गाडीवान उतरून बघायला आला. "काहून बाप्पा, चुलीवर मांडली का गाडी?" त्याच्या मागे बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. मी विचारलं, जवळ पाणी कुठे आहे? "हीर हाये ना थे काय. पन तिचं पानी बैल बी तोंडात नाई घेत. खारं मिठावानी. गाडीले पाजसान तं गाडी बी ओकीन." त्या सगळ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारटच. ते घातलं तर टाकीत क्षार धरतात, म्हणून मी ते घालणार नव्हतो. आत्याने फिरकीचा तांब्या पुढे केला. घराबाहेर ती दुसरं पाणी पीत नसे. म्हणजे आता घरी परतेपर्यंत तिला पाणी नाही.

गाडी जरा निवल्यावर मी पंचा गुंडाळून टोपण काढलं. ती अगदी जवळ उभी होती, नेहमी धार धरताना उभी राहायची तशी. हळू आवाजात म्हणाली, "वसंता, सकाळी हवा पुरती काढली होती ना तू? धार लागेपर्यंत?"

नाना पलीकडे उभे होते. गाडीवान बघत होता. 'नाही' म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं आहेत. पण घरात मी आधीच नापास झालेला मुलगा होतो आणि या जगात एकच गोष्ट मला नीट येते असं सगळे मानत होते. मी म्हटलं, "हो. धार लागली होती."

"मग बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, "मग काय असेल?"

नाना तिच्याकडे पाहत होते. फार मायेने म्हणाले, "मनू, तुझा काही दोष नाही. पण..." तो 'पण' तसाच तिथे राहिला. आत्याने खाली पाहिलं. मी तांब्यातलं पाणी ओतलं. तोटी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. नुसती फिरवली असती तर हवा फुसकन बाहेर पडली असती. पण तो आवाज आत्या ओळखत होती. तिला तेवढ्यावरून सगळं कळलं असतं. मी तोटीला हात न लावता टोपण घट्ट बसवलं. पहिली चूक होती. ही चूक नव्हती.

काटेपूर्णेच्या अलीकडे, पुलाकडे चढणाऱ्या रस्त्यावर, गाडी दुसऱ्यांदा उकळली. ऊन आता माथ्यावर यायला लागलं होतं. नाना लिंबाच्या सावलीत उपरणं अंथरून जप करायला बसले, डोळे मिटून. खाली नदीच्या वाळूत बायकांनी झिरे खणले होते आणि त्या वाटीवाटीने पाणी उपसत होत्या. वाळूत झिरपून आलेलं ते पाणी गोड असतं. आत्या तांब्या घेऊन खाली गेली. ती वाळूत उतरल्याबरोबर मी तोटी उघडली. किती वेळ हवा निघत होती! फुस्स करून निघाली, मग थुंकली, मग पुन्हा फुस्स. टाकीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं. आत्या वर येताना दिसली तशी मी तोटी बंद केली. तिने आणलेला तांब्या ओतला आणि म्हटलं, "आत्या, अजून एक लागेल." ती पुन्हा गेली. मी पुन्हा तोटी उघडली. ती आली, मी बंद केली, "अजून एक." पायात काही नाही, वाळू अशी तापलेली की झिऱ्यावरच्या बायका ओल्या जागेतून पाय काढत नव्हत्या. ती जात होती, येत होती. ती वर असती तर मला तोटी उघडता आली नसती, म्हणून मी तिला खाली धाडत होतो. शेवटच्या खेपेला ती खाली असतानाच तोटीतून सरळ, गप्प धार लागली. मी इंजिन चालू केलं. आवाज लगेच बदलला, मऊ झाला.

त्या आवाजाने नानांनी डोळे उघडले. घड्याळ पाहिलं. उठून पुलाच्या कठड्याशी गेले आणि त्यांनी खाली हाक मारली, "मनू! तू वर येऊ नको. तशीच नदी पायी ओलांडून पलीकडे ये. आम्ही पुढे होतो." मला म्हणाले, "एवढं करून बघू. तिच्याच भल्यासाठी." आत्या वाळूत तांब्या घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं, मान हलवली आणि चालायला लागली. मी गाडी पुलावरून पलीकडे नेली, पुढचा चढ चढवला आणि थांबलो. गाडी शांत, पारा खाली. नानांनी इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून पाहिला, एखाद्याचा ताप उतरला का बघावं तसा. आत्या वाळू तुडवून वर आली, धाप लागलेली. नानांनी नुसतं टोपणावरच्या काचेकडे बोट दाखवलं. तिने तो खाली बसलेला लाल पारा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पंच्याने काच पुसत होतो, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

अकोल्यापर्यंत गाडी पुन्हा तापली नाही. नाना म्हणाले, नदी ओलांडली की दोष मागे राहतो. मोर्णा आली तेव्हा आत्याने तिचं नाव सांगितलं नाही. शाळेत पोचलो तर अंगणात शिपाई झाडांच्या आळ्यांना पाणी घालत होता. तपासणीच्या बाई स्टेशनवर गेल्या होत्या. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, सरबत विचारलं. ते नाना आणि आत्या घेणार नव्हते, मीच प्यायलो. जागा सकाळी आलेल्या एका बाईंना देऊन झाली होती. आत्या म्हणाली, "मी नुसता पाठ म्हणून दाखवू का?" आणि गुंडाळी सोडायला लागली. पूर्णा दिसली, काटेपूर्णेचं टोक दिसलं. बाई म्हणाल्या, "आता कशाला त्रास घेता? पुढल्या वर्षी जरूर या." आत्याने कापड पुन्हा गुंडाळलं, कडा कडेला जुळवून, नीट. दशम्या आम्ही परतीच्या वाटेवर खाल्ल्या. आत्याने खाल्ली नाही. घशाला कोरड पडली आहे, म्हणाली.

पुढल्या वर्षी खरंच जागा निघाली. दादा म्हणाले, या खेपेला मी आगगाडीने नेतो, मुहूर्तबिहूर्त काही नाही, नाना काय म्हणायचं ते म्हणोत. गंमत म्हणजे नानाही हो म्हणाले. नको म्हणाली ती आत्या. "नको दादा. माझ्यापायी सगळ्यांची वाट अडते. मी पाहिलं आहे ना." मी तिथेच, पाटावर बसून कढीभात कालवत होतो. नकाशाचं कापड आईने वाळवणाला घेतलं. दर उन्हाळ्यात गच्चीवर त्यावर शेवया वाळत पडायच्या आणि त्यांच्या खालून निळ्या नद्या दिसायच्या. नीळ धुऊन धुऊन गेली, पण पूर्णा पुष्कळ वर्षं टिकली.

नाना गेले, दादा गेले, आई गेली. मी मोटारींच्याच धंद्यात पडलो आणि अकोल्याला आलो. आत्या अमरावतीला माझ्या धाकट्या भावाकडे असते. आळीतल्या पोरी तिच्याकडे अजून गणितं विचारायला येतात. महिन्या-दोन महिन्यांनी मी जातो, तिच्या हातची ती बिनलसणाची चटणी खातो, आणि निघायच्या वेळी ती देवघरात जाऊन बसते, मी फाटकाबाहेर पडेपर्यंत. माझं लग्न झालं तेव्हाही ती अशीच आत होती. माझी मुलं शिकायला निघाली तेव्हाही. मी म्हणतो, "आत्या, बाहेर ये की." आतून आवाज येतो, "जा बाप्पा तू. उगीच गाडी तापायची." ती हे थट्टेत म्हणत नाही. आणि मी जातो. दर वेळी फाटकातून गाडी काढताना ठरवतो की पुढच्या खेपेला सांगायचं, आणि बडनेऱ्याचा चढ येतो तसा येतो आणि मागे पडतो.

आता तिला कानांनी फार कमी ऐकू येतं. तिच्या शेजारी बसून हळूच सांगून मोकळं व्हायची सोय राहिलेली नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, भाऊ ऐकेल, भावजय ऐकेल, त्यांची मुलं ऐकतील, ओट्यावर गणितं सोडवणाऱ्या पोरी ऐकतील. तसंच व्हायला पाहिजे. तिने मला विचारलं होतं, धार लागेपर्यंत हवा काढली होती ना. त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मी तिला अजून दिलेलं नाही.